पाणी दगडाला टेकेपर्यंत

माणसांनी परीक्षा शोधून काढल्या, त्याच्याही आधीची गोष्ट. नदी चढू लागली होती आणि हरणांना पलीकडे न्यायला वाटाड्या हवा होता. हरिणीआजीने बगळ्याला आणि टिटवीला प्रश्न घातला, “पिलांना कुठून पार न्याल, आणि तिथूनच का? पाणी त्या पांढऱ्या दगडाला टेकेपर्यंत उत्तर संपवायचं.”

बगळेबुवांनी लगेच तोंड उघडलं. नदीचा उगम, वळणं, मासे, माशांचे काटेसुद्धा! टिटवी मात्र वाळूत नखाने रेघा ओढत होती.

“काय गं, येत नाही वाटतं?” बगळा हसला.

“येतंय की! आधी नेमकं काय विचारलंय ते बघतेय.” मग टिटवी ताठ उभी राहिली. “उंबराजवळून न्यायचं. तिथं पात्र रुंद आहे, म्हणून पाणी उथळ आणि ओढ कमी. मध्ये खडक आहे, दमलेली पिलं त्यावर टेकतील. म्हणून तिथूनच.”

बगळा पुन्हा माशांच्या वर्णनाकडे वळला. तेवढ्यात पाणी दगडाला टेकलं.

“अहो, माझं अजून बरंच सांगायचं राहिलंय!” तो ओरडला.

“राहू द्या, बुवा,” टिटवीच्या मागे निघालेली हरिणीआजी म्हणाली. “तुमच्या उत्तरात सगळी नदी आली, पण पिलं अजून अलीकडेच आहेत.”