तिम्मव्वाचा खंदक

माझ्या पणज्यालाही जुनी वाटायची, इतकी ही जुनी गोष्ट. गोष्ट आमच्याच गावाची आहे, म्हणून सांगताना मान खाली जाते. पण सांगायची रीत आहे. तेव्हा गप बसा आणि ऐका.

त्या काळी लुटारू घोड्यांवरून यायचे. गावाला तट बांधावा, तर आमची माती काळी. पावसाळा आला की भिंत भेगाळायची आणि बसायची. मग माती खोदणाऱ्या वडारांची तिम्मव्वा म्हणाली, "भिंत कशाला? गावाभोवती खंदक खणू. पाण्यावर कोण चढतंय?"

गोंदजी पाटलानं पांढऱ्या फक्कीनं खंदकाची रेघ ओढली. वडारांची पालं राहिली रेघेच्या बाहेर.

"पाटील, आमाला बी आत घ्या की," तिम्मव्वा म्हणाली.

"आधी खंदक होऊ दे, मग बघू."

तिनं खणला. तिची कुदळ पडली की जमीन आपणहून सरकायची, असं म्हणतात. शेवटचा घाव घातला आणि ओढा वळून धावत आत आला, असंही म्हणतात. वर एकच लाकडी फळी टाकली, ये-जा करायला. पालं मात्र बाहेरच राहिली. गरज सरो, वैद्य मरो. दुसरं काय?

एका संध्याकाळी धुरळा उठला. लुटारू आले! गावानं काय करावं? फळी आत ओढून घेतली. पलीकडून तिम्मव्वा ओरडत होती, "फळी टाका! लेकरं हायेत माझी!" अख्खं गाव काठावर उभं होतं आणि एकजात तोंडात मिठाची गुळणी धरून होतं. पाटीलसुद्धा. शरम वाटते हो सांगायला!

तिनं लेकरांना आणि माणसांना बाभळबनात पिटाळलं. स्वतः लुटारूंच्या पुढ्यात गेली. "उतार दावते," म्हणाली, "गुडघाभर पाणी हाय, या माझ्या मागनं."

गावानं तिला शिव्या घातल्या. फितूर म्हणाले तिला, आपलेच लोक!

ती चालत गेली ती नेमकी सगळ्यात खोल जागी. पण पाणी तिच्या गुडघ्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. ते बघून सगळे घोडे मागोमाग उतरले. शेवटचा घोडा उतरला, आणि मग पाण्यानं सगळ्यांना पोटात घेतलं. तिलाही घेतलं. आता गावानं फळी टाकली. कुणासाठी?

पुढं दुष्काळात खंदक आटला, तेव्हा तिच्या पालासमोर खडक उघडा पडला. तिथं पाणी खरंच गुडघाभर असायचं. आपल्या लेकरांसाठी तिनं ती वाट मुद्दाम राखली होती. त्या संध्याकाळी ती त्या वाटेनं आली असती, तर मागोमाग लुटारू गावात शिरले असते. म्हणून ती आली नाही. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या, ते त्या खडकावर बसून ढसाढसा रडले. बाभळबनात गेलेली तिची माणसं मात्र आमच्या गावाला पुन्हा कधी फिरकली नाहीत.

खंदक आता बुजत आलाय, म्हशी डुंबतात त्यात. तरी आजही पालं घेऊन कुणी आलं, तर त्यांचा मुक्काम गावाच्या मधोमध, देवळासमोर असतो. आणि दिवेलागणीला पाटलाच्या घरचा एक जण त्या खडकावर जाऊन बाहेर तोंड करून हाक देतो, "कोण राहिलंय का बाहेर? आत या गं माय, आत या!"

ओ येत नाही. तो परत आल्याशिवाय आमच्या गावात कुणी दाराला कडी लावत नाही.