वाऱ्याचा रहाट आणि सारजाचा विडा

“काम असं हवं, जे आजवर कुणीच केलेलं नाही! आणि ते होणारच, याचा पुरावा आधी हवा! दोन्ही असेल तरच अनुदान!” राजा गजसिंहाने अट घातली आणि मिशीवरून हात फिरवला.

राजाच्या यंत्रशाळेतल्या नव्या गुरुजींची पाचावर धारण बसली. त्यांतला सगळ्यात तरुण नारोपंत. त्याला वाऱ्यावर फिरणारा रहाट बांधायचा होता. गडाखालच्या विहिरीतलं पाणी बैलावाचून वर यावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण दसऱ्याच्या आत अनुदान मिळालं नाही, तर शाळेतली जागा जाणार आणि सासऱ्याच्या दुकानात हिंग जोखत बसावं लागणार. सासरे तर वाटच बघत होते!

नारोपंत दरबारात उभा राहिला.

“असा रहाट पूर्वी कुठे झालाय?” राजाने विचारलं.

“कुठेच नाही महाराज, अगदी नवा!”

“मग तो फिरेल कशावरून? पुरावा आण!”

बिचाऱ्याने बांबूच्या कामट्या जोडल्या, धोतराचं पान फाडून शिडं लावली आणि हातभर उंचीचा रहाट केला. पुढच्या दरबारात तो खिडकीत ठेवला. वारा आला, रहाट भिरभिरला, घंगाळातलं पाणी वर चढलं.

“झाला की रहाट!” राजा म्हणाला. “झालेल्या कामाला पैसे कशाला? नवं काहीतरी आण! उद्या दसऱ्याआधीचा शेवटचा दरबार!”

जुन्या पंडितांनी माना डोलावल्या. त्यांची अनुदानं केव्हाच मंजूर झाली होती. ही अट त्यांच्यानंतर आली होती ना!

नारोपंत बाहेर देवडीवर येऊन बसला, मांडीवर रहाट घेऊन. तिथेच सारजा तांबोळीण पानाची टोपली मांडून बसायची. राजाचा जेवणानंतरचा विडा तिच्याच हातचा.

“काय पंतोजी, खेळणं मोडलं का?”

“खेळणं धड आहे, सारजामावशी. मीच मोडलोय.”

त्याने सगळं सांगितलं. सारजाने पानं पुसता पुसता निवांत ऐकून घेतलं.

“हा मांडीवरचा किती पाणी चढवतो?”

“तांब्याभर.”

“आणि गडाला किती लागतं?”

“तळंभर!”

“हे राजाला सांगितलंत?”

“त्यात सांगायचं काय? उघडच आहे!”

“आता काय म्हणावं तुम्हाला! उघड असतं तेच तर राजाला दिसत नाही. उद्या मी येते. तुम्ही फक्त गप्प उभं राहायचं. जमेल ना? शिकवणाऱ्या माणसाला अवघड जातं, म्हणून विचारते.”

दुसऱ्या दिवशी सारजा झाकलेलं तबक घेऊन दरबारात शिरली.

“महाराज, नवा विडा! आजवर कुणी केला नाही, कुणी खाल्ला नाही!”

राजाने लगेच हात पुढे केला. सारजाने तबक मागे घेतलं.

“आधी बक्षीस, महाराज.”

“आधी चव!”

“खाल्लात की तो झालेला विडा. झालेल्या कामाला पैसे नाहीत, हुकूम आपलाच!”

“आणि न खाताच बक्षीस देऊ? चांगला असेल कशावरून?”

“बरोबर आहे. पुरावा नाही, तर पैसे नाहीत. तोही हुकूम आपलाच! येते मी.”

ती वळली. गुलकंद, लवंग आणि वेलचीचा घमघमाट दरबारभर पसरला होता. राजाने आवंढा गिळला.

“थांब! चिमूटभर दे. नुसती जिभेच्या टोकावर!”

सारजाने विडा उलगडून चिमूटभर मसाला दिला. राजाने डोळे मिटले. “वाहवा! दे इकडे सगळा!”

“पण विडा तर खाऊन झाला, महाराज!”

“झाला?” राजा ओरडला. “अगं, ही तर चिमूट होती! चिमटीने नुसती चव कळते. विडा अजून खायचाच आहे!”

सारजाने नारोपंताच्या हातातल्या रहाटाकडे बोट केलं. “पंतोजींनीही काल चिमूटच दिली, महाराज! तांब्याभर पाणी चढलं, चव कळली. गडाचा विडा अजून खायचाच आहे!”

नारोपंत चक्क गप्प उभा होता. राजाने रहाटाकडे पाहिलं, विड्याकडे पाहिलं आणि तो असा खो खो हसला की चवऱ्या ढाळणारेही थांबले.

“मंजूर! रहाट मंजूर आणि विडाही!” विडा गालात गेला. “सारजे, यापुढे नव्या गुरुजींचे अर्ज आधी तुझ्याकडे येतील. तू ते नीट करून घ्यायचे!”

सगळ्यांत थोरले पंडित ताडकन उठले. “हिच्याकडे? हिने आजवर एक तरी अर्ज पाहिलाय? हिला जमेल याचा पुरावा काय?”

“एकही नाही पाहिला, पंडितजी,” सारजा तबक झाकत म्हणाली. “अगदी नवं काम! आणि चिमूट तर महाराजांनी आत्ताच चाखली!”

हसता हसता राजाला ठसका लागला. बोलता येईना, तेव्हा त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाच्या तबकात टाकलं.