नव्वद कुलुपे

एकदा एका संशोधन संस्थेत एक वृद्ध आचार्य होते आणि त्यांची एक घाबरट शिष्या होती. घाबरट म्हणजे किती, तर मागून कुणी हलकेच हाक मारली तरी तिच्या कपातला चहा बशीत सांडे. माणसांपेक्षा तिला आकडे जवळचे वाटत. आकडे निदान दचकवत तरी नाहीत, असे ती म्हणे.

त्या संस्थेत दर गुरुवारी सेमिनार भरे. ज्याने संशोधन केले त्याने उभे राहून ते मांडायचे आणि बाकीच्यांनी त्याला पहिल्याच वाक्यापासून अडवायचे, अशी तिथली रीत. पुढच्या रांगेला विद्यार्थी 'कोर्ट' म्हणत. त्या कोर्टातले सर्वांत धाकाचे प्राध्यापक प्रत्येक प्रश्नाची सुरुवात 'पण' या शब्दाने करीत. म्हणून त्यांचे नावच पडले होते पण-सर. मागच्याच गुरुवारी त्यांनी एका संशोधकाला पहिल्या स्लाइडवर चाळीस मिनिटे उभे केले होते. त्या बिचाऱ्याच्या उरलेल्या एकतीस स्लाइड कुणी पाहिल्याच नाहीत.

या सगळ्यात वक्त्याला एकच आसरा असे. मार्गदर्शकाने स्वतःच्या विद्यार्थ्याला तिथे प्रश्न विचारायचा नाही, हा कुठेही न लिहिलेला परंतु कुणीही न मोडलेला नियम होता.

या गुरुवारी पाळी शिष्येची होती. सेमिनार संपताच समिती बसणार होती आणि तिचा प्रबंध पुढे न्यायचा की इथेच थांबवायचा, हे ठरवणार होती. दोन वर्षे खेडोपाडी हिंडून तिने एक निष्कर्ष काढला होता. दहा वर्षांपूर्वी त्या तालुक्यातल्या शंभरातल्या एकेचाळीस स्त्रिया घराबाहेर पैशांसाठी काम करीत. आता तीसच करतात. शीर्षक ठरले होते, 'घरी परतणाऱ्या स्त्रिया'.

मंगळवारी तिने आचार्यांना सगळे वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते.

"घरं किती निवडली होतीस?"

"चारशे ऐंशी, सर. प्रत्येक घरातल्या एका बाईला विचारायचं होतं."

"आणि उत्तरं?"

"तीनशे नव्वद."

"उरलेल्या नव्वद घरांचं काय?"

"घर बंद होतं," ती घाईघाईने म्हणाली. "म्हणजे लपवलेलं नाही हं सर, शेवटच्या स्लाइडवर तळटीप आहे. बारीक अक्षरात." मग जरा थांबून, "तिथपर्यंत कुणी पोचतच नाही."

आचार्य हसले. "ते नव्वद फॉर्म कुठे आहेत?"

"कपाटावर. त्यांचा आता काय उपयोग?"

"गुरुवारी घेऊन ये."

गुरुवारी नाडीने बांधलेला तो गठ्ठा तिने मुकाट्याने टेबलाच्या कडेला ठेवला. सभागृह भरले. पडद्यावर शीर्षक झळकले. तिने तोंड उघडले, पण-सरांनी श्वास घेतला, इतक्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"माझा एक प्रश्न आहे."

तो आचार्यांचा होता. चाळीस माना एकदम मागे वळल्या.

"या कामातली सगळ्यात कच्ची जागा कोणती? आधी ती दाखव."

शिष्येच्या कानांत घुं घुं होऊ लागले. ज्यांच्या भरवशावर उभी राहिले त्यांनीच मला कोर्टापुढे ढकलले, एवढेच तिला कळले. घाबरलेल्या माणसाला सोयीचे उत्तर सुचत नाही, खरे तेच तोंडून निघते. तिने गठ्ठ्याची नाडी सोडली.

"नव्वद घरं बंद होती. मी ती वगळली."

मग अपेक्षेप्रमाणे पण-सरांचा आवाज आला, "पण बंद म्हणजे काय? बाई बोलल्या नाहीत, की घराला कुलूप होतं?"

"कुलूप होतं, सर."

"पण तुम्ही जात होता किती वाजता?"

"अकरा ते तीन. जीप चारला परत द्यावी लागायची."

"म्हणजे पाहणीची वेळ जीपवाल्यानं ठरवली!" कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. खिडकीजवळ बसलेल्या एक प्राध्यापिका मात्र हसल्या नाहीत. "फॉर्मवर काही लिहिलंयस का गं?" त्यांनी विचारले.

तिने पहिला फॉर्म उचलला. समासात तिचेच अक्षर होते. "कुलूप. शेजारीण म्हणाली, वीटभट्टीवर गेलीये, सातला येईल." दुसरा. "कुलूप. शाळेत खिचडी शिजवायला." तिसरा. "कुलूप. द्राक्षाच्या छाटणीला." चौथा वाचता वाचता तिचा आवाज मंदावला आणि थांबला.

"अगं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली. सभागृहाला ते स्पष्ट ऐकू गेले. "ज्या कामावर गेल्या होत्या, त्याच मला भेटल्या नाहीत! मी भर दुपारी घरी असलेल्या बायकांना जाऊन विचारलं, की तुम्ही घरी असता का?"

पण-सर खुर्चीतून उठले. "पण दहा वर्षांपूर्वीची पाहणी..."

"दिवेलागणीनंतर केलेली, सर! जुन्या अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे. तेव्हा त्या घरी आलेल्या होत्या!" प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणारी ही मुलगी कोण, असे तिला स्वतःलाच वाटले.

पुढचा तासभर दुसरी स्लाइड कुणी मागितली नाही. फॉर्म रांगारांगांतून फिरले. पण-सर खडू घेऊन फळ्यावर मांडत होते. नव्वदांपैकी बावन्न समासांत कामाची नोंद सापडली. पुन्हा कधी जायचे, कसे विचारायचे, यावर कोर्ट आपसात भांडू लागले आणि शिष्या मधोमध उभी राहून एकेकाला थांबवत होती, समजावत होती. शेवटी पण-सर हात झटकत म्हणाले, "पण ते शीर्षक तेवढं खोडा!" या वेळी हसणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज तिचा होता. समितीला निर्णयासाठी पाच मिनिटे पुरली. प्रबंध पुढे जाणार होता.

दोन महिन्यांत ती दिवेलागणीला त्या नव्वदही दारांशी जाऊन आली. एकोणऐंशी स्त्रिया कामावर जाणाऱ्या निघाल्या. बेरीज पुन्हा शंभरात एकेचाळीसवर आली. स्त्रिया घरी परतल्याच नव्हत्या. पाहणीच चुकीच्या वेळी त्यांच्या दारी गेली होती.

आकडे घेऊन ती आचार्यांकडे गेली, तेव्हा मनात रुतलेले विचारलेच. "सर, तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"मुळीच नाही. मला एवढंच दिसलं, की बोलताना तू त्या नव्वद घरांवरून पळत होतीस."

"मग मंगळवारी इथेच विचारायचंत की! सगळ्यांदेखत कशाला?"

"इथे विचारलं असतं, तर तू आणखी सुबक तळटीप लिहिली असतीस." आचार्यांनी चष्मा काढला. "बाळ, आपली कच्ची जागा झाकायला माणूस तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. मग समोरचा प्रत्येक जण त्याला चोर वाटतो, आणि त्या जागेत काय आहे ते त्याला स्वतःलाही दिसत नाही. तू बाजूला झालीस, म्हणून तुलाही दिसलं आणि त्यांनाही. सेमिनारात दीड तास चाळीस माणसांचे डोळे आपल्याला फुकट मिळतात. ते आपल्यावर रोखलेले नसतात गं. ते कामावर असतात. मात्र काम त्यांच्यापुढे ठेवावं लागतं."

शिष्येने समोरचा चहाचा कप उचलला. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन आपटले आणि ती नेहमीसारखी दचकली. चहा बशीत सांडला. तिने शांतपणे बशीतला चहा कपात ओतला आणि पुढच्या गुरुवारी कोण बोलणार आहे, ते विचारले.

आपणही आपल्या कामातली बारीक अक्षरातली तळटीप एकदा चारचौघांत मोठ्याने वाचून पाहावी.