म्हाळोजीची लिंबं

आपल्या माळखडीला वेससुद्धा नव्हती, नदीपलीकडे सगळा बाभळीचा पट्टा होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा इथे म्हाळोजी नावाचा माळी राहत असे. आज ज्याला आपण म्हाळोजी बाबा म्हणतो आणि ज्याच्या नावाने हात जोडतो, तोच हा. पण तो काही देवमाणूस नव्हता. तो स्वतःच तसं सांगायचा, म्हणून आपणही तसंच सांगायचं.

त्याच्याकडे कागदी लिंबाचं एकच झाड होतं. पण ते भर वैशाखात लगडायचं. पाऊस सरला की म्हाळोजी झाडाचं पाणी तोडायचा. पानं पिवळी पडून गळायला लागली की आळं उकरून मुळांना ऊन दाखवायचा. मग शेणखत घालून एकदम भरपूर पाणी द्यायचा, आणि झाड पांढऱ्या फुलांनी भरून यायचं. बाकीच्यांची झाडं उन्हाळ्यात रिकामी असत, याचं मात्र पिवळंधमक. पाच कोसांतून माणसं ते बघायला येत, असं म्हणतात.

आता आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. नुसत्या हुशारीने झाड जगत नाही. ते जगलं राघू कुंभारामुळे. राघू त्याचा शेजारी आणि जिवाचा मित्र. त्याने पातळ अंगाची मुद्दाम झिरपणारी मडकी घडवली, झाडाभोवती गळ्यापर्यंत पुरली आणि म्हणाला, "यात पाणी भरत जा. मूळ आपलं आपण पिईल." तेव्हापासून चार घागरी पाण्यावर ते झाड आठ-आठ दिवस तग धरायचं.

एका वर्षी वरच्या गावच्या देशमुखांकडे लग्न निघालं. देशमुख म्हणाले, "म्हाळोजी, वैशाखात माझ्या पंगतीला ताजी लिंबं वाढलीस, तर भर मांडवात तुला फेटा बांधीन." माळ्याच्या डोक्यावर देशमुखाच्या हातचा फेटा. म्हाळोजीला दुसरं काही सुचेना. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच त्याने झाड निपटून काढलं आणि सगळी लिंबं झोपडीत ओल्या वाळूत पुरून ठेवली.

त्याच आठवड्यात गावात पटकीची साथ शिरली होती. लिंबं पुरून म्हाळोजी बाहेर येतो न येतो, तोच राघूची बायको ठकूबाई दारात आली.

"भाऊ, तुमच्या भावाला पहाटेपासून उलट्या होतायत," ती म्हणाली. "पोटात पाणी ठरत नाही. वैदूबाबा म्हणतात, लिंबू-मीठ देऊन बघा. एखादं असलं तर द्या."

एक दिलं असतं तर काय कमी पडणार होतं? पण एक दिलं की गाव दारात येईल, अशी त्याला भीती वाटली. साथ तर घरोघरी होती.

"वहिनी, झाडावर एक नाही, बघा," तो म्हणाला.

ते खोटंही नव्हतं. झाडावर खरंच एक नव्हतं.

ठकूबाईने झाडाकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग पदर सावरून ती आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी मांडवात म्हाळोजीला भगवा फेटा बांधला गेला. लोकांनी वाहवा केली. तो मिरवत माघारी आला, तर नदीकडून माणसं ओल्या अंगाने परतत होती. राघूला पोचवून ती येत होती. वाट एकच होती. म्हाळोजी तो फेटा डोक्यावर घेऊन त्यांच्यामधून चालत आला. कुंभाराच्या दाराशी बायका बसल्या होत्या, त्यांत ठकूबाई होती. तिने मान वर करून फेट्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा खाली बघितलं.

त्या दिवसापासून म्हाळोजीच्या हातांचा लिंबाचा वास जाईना. त्याने राखेने हात घासले, नदीच्या वाळूने घासले, कातडी निघेपर्यंत घासले. भाकरी तोंडाशी नेली की तोच वास यायचा. चारचौघांत तो हात धोतरात लपवून बसू लागला. आणि झाडही विचित्र वागू लागलं. तो मडकी भरायचा, पाणी काठोकाठ तसंच राहायचं, एक थेंब झिरपायचा नाही. भर श्रावणात, सगळं रान हिरवं असताना, त्या एका झाडाची पानं गळून पडली, असं म्हणतात.

लोक म्हणाले, दृष्ट लागली. म्हाळोजीला खरं काय ते ठाऊक होतं. दिवाळी तोंडावर आली तेव्हा तो ठकूबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ती माती तुडवत होती.

"वहिनी, लिंबं होती," तो म्हणाला. "त्या दिवशी घरात होती."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या हातांना वास येत होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चार माणसं घेऊन आला असतात. हिसकावून नेली असती."

"तुम्ही नाही म्हणालात. त्यांच्या मित्राने नाही म्हटल्यावर मी आणखी काय बोलायचं?"

म्हाळोजी तिथेच चिखलात खाली बसला. म्हणाला, "दिलं असतं तर राघू वाचला असता का?"

"ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. आता कुणालाच कळायचं नाही." तिचे पाय थांबले नव्हते. "मला तुमच्याकडून काही नको. पण ते झाड मारू नका. त्याने काय केलंय?"

म्हाळोजी तसाच चावडीवर गेला आणि फेटा पायरीवर ठेवून त्याने सगळं गावाला सांगितलं. कुणी त्याला मारलं नाही, वाळीतही टाकलं नाही. लोक नुसते उठून गेले. त्या साथीत बाकीच्यांच्या घरचीही माणसं गेली होती.

पुढे त्याने कुणाचा हात पोचू नये म्हणून झाडाभोवती घातलेलं काट्याचं कुंपण काढून जाळून टाकलं. चार दिवसांत मडक्यांतलं पाणी उतरू लागलं आणि फांद्यांना लाल कोंब फुटले. त्याने त्या झाडाच्या बियांपासून रोपं केली आणि गावातल्या एकेका दाराशी एकेक रोप लावत गेला. आत परसात नाही, बाहेर वाटेच्या बाजूला, जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात पोचेल असं. चाळीस घरं, चाळीस रोपं. नदीवरून कावडीने पाणी आणायचा. मान खाली घालून यायचा, पाणी घालून मान खाली घालून जायचा. कुणी "बसा म्हाळोजी" म्हटलं तरी बसायचा नाही.

पहिलं रोप लावलं त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याच्या उंबऱ्यावर एक मडकं ठेवलेलं होतं. पातळ अंगाचं, झिरपणारं. दुसऱ्या रोपाला दुसरं. तिसऱ्याला तिसरं. ठकूबाई ती हाताने थापून करायची, भाजायची आणि ठेवून जायची. अशी चाळीस मडकी झाली. पण चावडीच्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्यानेही तशी अपेक्षा धरली नाही.

ती झाडं पाणी न तोडताच वैशाखात फळू लागली. आजाऱ्यासाठी लिंबू तोडणाऱ्या हाताला त्यांचा काटा लागत नाही, असं म्हणतात.

म्हातारपणी म्हाळोजी अंथरुणाला खिळला. पोटात पाणी ठरेना. तेव्हा ठकूबाई काठी टेकत त्याच्या झोपडीत आली. तिने लिंबू पिळून, मीठ घालून वाटी त्याच्या ओठांशी नेली. त्याने लाजेने तोंड भिंतीकडे वळवलं.

"इकडे तोंड करा," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तेवढंच बोलली.

तो प्यायला की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. कुंभारवाड्यातले म्हणतात, प्यायला. माळी म्हणतात, रडूच इतकं आलं की घोट उतरला नाही. संध्याकाळी तो गेला.

म्हाळोजीचं मूळ झाड, किंवा त्याच्याच बियांतून तिथे उगवलेलं झाड, अजून नदीच्या वाटेवर आहे. माळखडीत आजही कुणी दाराशी लिंबू तोडलं तर "कोण आहे" म्हणून विचारत नाहीत. आणि वैशाख लागला की आणखी एक गोष्ट होते. वर्षभरात ज्याने जवळ असूनही कुणाला नाही म्हटलं असेल, तो सकाळी एकटाच घागर घेऊन त्या झाडाकडे जातो आणि पाणी घालून येतो. वाटेत कुणी भेटलं तर भेटणारा नजर दुसरीकडे वळवतो. कोण गेलं होतं, कशासाठी गेलं होतं, याची चर्चा होत नाही.

महिनाभर त्या झाडाचं आळं एक दिवसही कोरडं नसतं.