गच्चीवरचा भाऊ

यंत्रं एकमेकांशी आणि पाखरांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. अकोल्यातल्या एका घरात एसी होता. त्याचा एक डबा खोलीत, दुसरा गच्चीवर, आणि दोघांना जोडणारी तांब्याची नळी. सगळे आतल्याचंच कौतुक करत, आणि त्यालाही ते खरं वाटे.

वैशाखात घरच्या यमुनाबाईंना गच्चीवरच्याची दया आली. “बिचारं उन्हात भाजतंय,” म्हणत त्यांनी त्याच्यावर गोधडी पांघरून सुतळीने बांधली. दुपारी खोलीत गरम वारा येऊ लागला. पाळण्यातलं बाळ घामोळ्यांनी कळवळलं. कारागीर आला. भर उन्हात गच्चीवर कोण चढणार? त्याने आतलाच डबा उघडून धुतला, पण फरक पडेना.

“हा म्हातारा झाला. उद्या काढून टाकू,” तो म्हणाला.

आतला घाबरला. नळीतून ओरडला, “काय रे आळश्या, गोधडी घेऊन झोपलास होय?”

“दादा, खोलीतली गरमी मी बाहेर टाकतो. आता टाकू कुठे? जीव गुदमरतोय.”



इतक्यात खिडकीत साळुंकी आली. एसीचं ठिबकणारं पाणी ती रोज पिई. “आज पाणी नाही का, दादा?”

“साळूबाई, ते माझ्या एकट्याचं नव्हतंच. गच्चीवर माझा भाऊ आहे, तेवढी त्याची गाठ सोड.”

साळुंकीने चोचीने ओढून ओढून सुतळी सोडवली. गोधडी घसरली. संध्याकाळी बाळ निजलं.

पुढे पाहुणे म्हणत, “काय गार हवा आहे!” आतला म्हणे, “वर जाऊन भावाला सांगा.” माणसांना ते ऐकू येत नसे. साळुंकी मात्र पाणी पिऊन झालं, की गच्चीवर जाऊन सांगून येई.