खडकाचे वस्त्र

एका राज्यात राजा दगड झाला होता, आणि दरबारी त्या दगडाला रोज समोरून मुजरा करून मुकाट घरी जात होते. राजाचे नाव धीरबाहू. कपालकेतू मांत्रिकाने त्याला ओबडधोबड खडक करून चौकात बसवले, सिंहासन बळकावले आणि दवंडी पिटवली: "या खडकाला अंगभर वस्त्र नेमके किती लागेल? सुरकुती पडू नये, अंग उघडे राहू नये. बरोबर सांगेल त्याला राजा परत मिळेल. चुकेल तो दगड होईल." निवाडा करायला एक मंतरलेला माग होता. बोलाल तेवढेच वस्त्र तो विणी. चौकात एव्हाना दगडांची बरीच गर्दी झाली होती.

राजाची धाकटी बहीण हेमगौरी पुढे आली. खांद्यावर तिची बोलकी साळुंकी होती.

"मी सांगते."

"आधी दोन परीक्षा," मांत्रिक म्हणाला. त्याने सीताफळ दिले.

हेमगौरीने त्याचा एकेक डोळा सोलला, साल बुद्धिबळाच्या पटावर पसरली आणि घरे मोजली. गर साळुंकीने खाल्ला. मागाने विणलेले वस्त्र सालीला नेमके पुरले.

मग त्याने सांबराचे शिंग दिले. तिने त्याला सुताला सूत भिडवून दोरा गुंडाळला, मग तो उलगडून पटावर शेजारी शेजारी मांडला. तेही वस्त्र बसले. मांत्रिकाच्या कपाळाला आठी पडली.

"आता खडक. त्याला दोरी लावशील तर ती जळून जाईल."

"मग शेंदूर लावते."

तिने मेणात शेंदूर कालवून खडकाला सारख्या जाडीचा लेप दिला. तसाच लेप हातभर लांब, हातभर रुंद फळ्यांना दिला. लेप वाळले. देवाची शेंदराची खोळ सुटते तशी खडकाची खोळ सुटली. ती तिने तराजूत घातली आणि दुसऱ्या पारड्यात फळ्यांचे लेप चढवले. चोविसाव्या लेपाला काटा स्थिरावला, म्हणजे चोवीस चौरस हात.

ती बोलणार, तोच साळुंकी ओरडली, "बाई, बूड राहिलं!"

हेमगौरी चमकली. "पहारी आणा. खडक उलथायचा आहे."

"खबरदार!" मांत्रिक गरजला. "त्याला हलवायचे नाही. माझी आज्ञा आहे!"

"तुझी आज्ञा दगडांनी ऐकावी. मी अजून माणूस आहे."

कोणी हलेना. तिने एकटीने खांदा लावला. तेव्हा म्हातारा द्वारपाल शरमला आणि पहार घेऊन धावला. त्याच्यामागून सारा चौक धावला. खडक कलंडला.

खाली, मातीत रुतलेला, राजाचा पंजा होता. हेमगौरीला रडू फुटले. ते तिने लपवले नाही. रडत रडतच तिने एकेका बोटाची माती पुसली, साऱ्या बुडाला लेप दिला, त्याची खोळ पहिल्या खोळीवर ठेवली आणि पुन्हा तोलले.

"एकतीस," ती म्हणाली.

"खोटे! चोवीस!" संतापाच्या भरात मांत्रिक बोलून गेला. जे कधी उलथून पाहिले नाही, ते त्याने धरलेच नव्हते.

मागाने दोन्ही वस्त्रे विणली. मांत्रिकाचे बुडाशी अपुरे पडले, पंजा उघडा राहिला. हेमगौरीचे अंगभर बसले. चुकेल तो दगड होईल, हे बोल मांत्रिकाचेच होते. त्याचे तोंड उघडे ते उघडेच राहिले.

धीरबाहू उठून बसला. बोटे अजून शेंदरी होती.

"गौरी, हाताला वारा लागला, तेव्हाच मी तुला ओळखले."

"चल घरी, दादा," ती म्हणाली.

चौकातले बाकीचे दगडही अंग झटकून आपापल्या वाटेने गेले. शाप सरला, राज्य मार्गी लागले. एकच दगड चौकात उरला आहे. त्याचे माप घ्यायला अजून कोणी पुढे आलेले नाही.