करकोच्याच्या टोपल्या

एका जंगलाच्या ऐन मध्यातून एक खोल दरी गेली होती, आणि त्या दरीच्या अलीकडच्या काठावर, बेहड्याच्या जुन्या झाडाच्या ढोलीत, एक खार राहत असे. खार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे येणार ती इकडून तिकडे पळणारी, घटकाभर एका जागी न बसणारी. ही खार मात्र रोज संध्याकाळी कामधाम टाकून काठावरच्या एका कातळावर जाऊन बसायची आणि पलीकडे बघत राहायची. पलीकडे सावरीची झाडं होती. त्यांतल्या एका झाडावर तिची लेक नांदत होती. चारोळी तिचं नाव. एकुलती एक, आणि तीही दरीपल्याड दिलेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब दिलीच कशाला? तर मुलांनो, त्याला कारण करकोचे.

करकोचे मुळात परमुलखाचे. थंडीत यायचे आणि ऊन तापायच्या आत निघून जायचे. पण मध्ये काही वर्षं पाऊसपाणी बरं झालं, रानात दाणा मुबलक झाला, तसे ते इथंच ठाण मांडून राहिले. त्यांच्या म्होरक्याचं डोकं मोठं सुपीक. त्यानं वेताच्या टोपल्या विणवून घेतल्या. दोघा-दोघा करकोच्यांनी एक टोपली उचलायची, आत ससा, उंदीर, खार, जो येईल तो बसेल, आणि इकडून उजाडताना निघालं की न्याहारीला पलीकडे. भाडं म्हणाल तर मूठभर दाणे. "पाखरांनीच काय म्हणून उडायचं? जमिनीवरच्यांनीही एकदा आभाळ बघावं," असं तो म्होरक्या म्हणायचा. आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला फार गोड वाटायचं ते.

त्याआधी दरी ओलांडायची ती पायवाटेनं. नागमोडी वाटेनं तळापर्यंत उतरायचं, तिथं नदी. नदीवर एक म्हातारं कासव असायचं, ते पाठीवर बसवून पैलतीराला सोडायचं. मग पुन्हा चढण. पायांचे अगदी तुकडे पडायचे. टोपल्या सुरू झाल्यावर त्या वाटेला कोण विचारतो? घाणेरी माजली, काटेरी जाळ्या वाढल्या, वाट दिसेनाशी झाली. कासवाकडे कुणी फिरकेना, तेव्हा तेही कंटाळून वरच्या डोहात निघून गेलं. कुणाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. खारीलाही नाही. टोपलीत बसलं की लेक येईल, या भरवशावर तर तिनं चारोळीला पलीकडच्या घरात दिलं होतं.

आणि चारोळी यायचीही. सणावाराला यायची, आंबट खावंसं वाटलं म्हणून यायची, काही कारण नसताना यायची. आईच्या शेपटीत तोंड खुपसून पडून राहायची. परत जायला निघाली की खार टोपलीच्या काठाला धरून म्हणायची, "जपून जा गं." टोपली लहान लहान होत पलीकडच्या सावरीत दिसेनाशी झाली की मगच ती ढोलीत शिरायची.

पुढं एक वर्ष वाईट आलं. पाऊस दडी मारून बसला, गवताला दाणाच धरला नाही. त्याच वर्षी एका सशाबरोबर चारोळीचा निरोप आला, की तिला दिवस गेले आहेत. खारीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. तिनं ढोली झाडून घेतली, सावरीचा मऊ कापूस अंथरला, आणि धावड्याच्या झाडांवरून डिंक खरवडून आणून बाळंतिणीसाठी लाडू वळायला घेतले. लेकीला आणायचं तेवढं राहिलं होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी टोपल्या बंद पडल्या.

त्यात नवल काहीच नव्हतं. भाडं इतकं थोडं, की सुगीच्या दिवसांतसुद्धा करकोच्यांची पोटं जेमतेम भरायची. आता रानातला दाणा संपल्यावर त्यांच्या पंखांत टोपली उचलायचं बळच उरलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्होरक्या वाघाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, सामाईक कणगीतलं धान्य आम्हाला द्या. नाहीतर दरीवरची ये-जा कायमची थांबली म्हणून समजा."

ही कणगी म्हणजे काय, तेही सांगतो. उन्हाळ्यात सगळं आटतं, तेव्हा कुणी उपाशी मरू नये म्हणून लहानमोठ्या सगळ्या प्राण्यांनी आपापल्या घासातला घास काढून ती भरलेली होती. राखण मुंगीकडे होती.

वडाखाली सभा बसली. कोल्हा करकोच्याच्या बाजूनं बोलायला उभा राहिला. तो काही अगदीच वेडंवाकडं बोलत होता असंही नाही. "महाराज," तो म्हणाला, "प्रश्न करकोच्याचा नाही. कितीकांच्या लेकी पलीकडे आहेत, कितीकांचे भाऊ आहेत. टोपल्या थांबल्या की ती नाती तुटली. खारूताई, तुम्हीच सांगा. या, पुढं या."

खारीला सभेत बोलायची सवय नव्हती. ती पुढं आली, दोन्ही पंजे छातीशी धरून उभी राहिली. "महाराज, मला कारभारातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "माझी लेक पहिलटकरीण आहे. तिला माझ्या ढोलीत आणायचंय. रात्री ती तिकडे कण्हत असेल, आणि मी इकडे लाडू वळत बसले आहे. मला दुसरं काही नको. तेवढी लेक आणून द्या." आणि ती रडू लागली. सभेत कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. खुद्द वाघानं तोंड फिरवलं.

"मुंगीबाई, तुमचं काय म्हणणं?" त्यानं विचारलं.

मुंगी म्हणाली, "खारूताईचं दुःख खरं आहे, महाराज. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण रडतंय कोण आणि धान्य जाणार कुणाला, एवढं बघा. त्यांना लेक हवी आहे. कणगी मात्र करकोचेरावांपुढं रिकामी होणार. आणि ही कणगी उन्हाळ्याची आहे. उन्हाळ्यात करकोचेराव इथं असतील का, ते त्यांनाच विचारा."

करकोच्यानं लांब मान खाली घातली. "मुंगीबाई, अहो, आमचा जीव अडकलाय या दरीत," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलांनो, प्रश्न काय होता आणि उत्तर काय आलं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. सभेच्या आलं नाही. मुंगीला जीव केवढा आणि काळीज त्याहून लहान, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. खारीनं तर तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी वाघानं निम्मी कणगी करकोच्यांना द्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून करकोच्यांची पंगत बसू लागली. खार रोज सकाळी टोपल्यांपाशी जायची. "करकोचेदादा, आज निघणार का हो?"

"खारूताई, उपाशी पंखांत बळ यायला वेळ लागतो. उद्या बघू."

उद्याचा परवा झाला. करकोच्यांच्या गळ्याशी आणि छातीशी चांगली गोलाई आली, पिसं तुळतुळीत दिसायला लागली, तरी टोपल्या होत्या तिथंच. खारीनं लाडू पळसाच्या पानांत बांधून तयार ठेवले होते. संध्याकाळी ती ते कातळावर घेऊन बसायची. पलीकडे सावरी लाल फुलली होती आणि त्या लालीतून एखादी हाक येते का, म्हणून ती कान टवकारून ऐकायची. वारा आला की तिला वाटायचं, आली. मग तो नुसताच वारा असायचा. आता दिवस भरत आले असतील, असं मनात आलं की ती लाडवांची पुडी सोडून पुन्हा घट्ट बांधायची. लेकीला परकी करून टाकली मी, असंही तिला वाटायचं, आणि ते कुणाला सांगताही यायचं नाही.

शिमगा सरला. उन्हाची पहिली झळ लागली. आणि एका सकाळी आभाळात उंच, खूप उंच, क्रूं क्रूं असा आवाज आला. खार धावत बाहेर आली. करकोच्यांची मोठी रांग उत्तरेकडे निघाली होती. मोकळ्या चोचींनी, मोकळ्या पायांनी, परतीच्या वाटेला पुरेल एवढी चरबी अंगावर घेऊन ते आपल्या मुलखाला चालले होते. टोपल्या खाली माळावर पडल्या होत्या. एकीत रात्रीतून कोळ्यानं जाळंही विणलं होतं.

खार त्या टोपलीत जाऊन बसली. का बसली, ते तिचं तिलाही कळलं नाही. बराच वेळ ती तशीच बसून होती. मग तिला टोपलीच्या काठावर मुंगी दिसली.

"म्हणा आता," खार म्हणाली. "सांगितलं होतं ना, असं म्हणा. तुमचा मान आहे तो."

"ते म्हणायला नाही आले," मुंगी म्हणाली. "तुम्ही आई आहात. आईनं रडू नये तर काय करावं? चुकलं ते तुमचं रडणं ऐकून भलतीकडे धान्य देणाऱ्यांचं. मी दुसरंच सांगायला आले. आमची रांग अजूनही दरी उतरून पलीकडे जाते, खारूताई. वाट मोडलेली नाही. घाणेरीखाली झाकली गेलीय."

खार टुणकन टोपलीबाहेर आली. दोघी वाघाकडे गेल्या. वाघ बिचारा आधीच खजील होऊन बसला होता. वरमलेला वाघ तुम्ही कधी पाहिला नसेल. मान वर करत नाही तो. मुंगी म्हणाली, "महाराज, निम्मी कणगी उरली आहे. तिच्यातलं थोडं द्या. पण कुणा एकाला नको. जो वाट मोकळी करायला येईल, त्याला त्या दिवसाचं जेवण द्या."

काम सुरू झालं. रानडुकरांनी मुसंडी मारून घाणेरीची मुळं उखडली. साळिंदरानं काटेरी जाळ्यांत शिरून आतून वाट काढली. काट्यांची त्याला कसली भीती? सशांनी माती सारली, आणि ती माती वाहायला त्या टोपल्याच कामी आल्या. उचलायला करकोचे लागले नाहीत. खारीनं दातांनी वेली कातरल्या. तिच्या पंजांना फोड आले, पण कित्येक दिवसांनी तिला रात्री झोप लागू लागली.

वाट तळाला पोचली तर नदीकाठी कासव येऊन बसलेलंच होतं. वरच्या डोहाचं पाणी आटत आलं होतं, आणि झाडंझुडपं मोडल्याचा आवाज त्याच्या कानी गेला होता. खार त्याच्यापुढं मान खाली घालून उभी राहिली. "कासवआजोबा, आम्ही तुम्हाला पार विसरून गेलो."

"विसरलात खरं," कासव म्हणालं. ते मनात धरून बसणाऱ्यांतलं नव्हतं, पण लाडवाचा वास त्याला बरोबर आला होता. "त्या पानात काय आहे? डिंकाचे असतील तर एक इकडे द्या, आणि बसा पाठीवर. पाय घट्ट रोवा."

पलीकडच्या काठावर तेव्हा चारोळी एका दगडावर बसली होती. पाखरांचे थवे जाताना तिनं पाहिले होते, तरी तिची आशा सुटली नव्हती. बाळंतपणात ती आईला हाका मारून मारून दमली होती. आता तिच्या अंगाखांद्यावर दोन पिल्लं खेळत होती. रोज संध्याकाळी ती त्यांना घेऊन इथं यायची, आभाळाकडे मान करून म्हणायची, "तिकडून टोपली येणार बरं का, त्यात आजी असेल." आणि ती दोघंही तिच्यासारखीच मान वर करून बघायची.

पण पिल्लंच ती. किती वेळ वर बघणार? धाकटं कंटाळलं आणि खाली वाकून गवतात बघायला लागलं.

"आई," ते म्हणालं, "खाली कुणीतरी आहे."

"खाली कोण असणार?" चारोळी आभाळावरची नजर न काढता म्हणाली.

"धापा टाकतंय. तुझ्यासारखीच शेपटी आहे."

चारोळीनं खाली पाहिलं. गवत बाजूला सारून, अंगभर धूळ, पाठीला पळसाच्या पानांची पुडी, अशी तिची आई वर येत होती.

चारोळी दगडावरून उडी मारून तिच्याकडे धावली. मग खार म्हणाली, "उशीर झाला गं. लाडू पण वाळले." चारोळीनं तिच्या शेपटीत तोंड खुपसलं. धाकट्यानं तोवर पुडी सोडून एक लाडू पळवलाही होता. चार दिवसांनी पिल्लांना घेऊन चारोळी माहेरी आली, आईच्या मागोमाग, पायवाटेनं. कासवानं नदीवर पुन्हा एक लाडू मागून घेतला.

त्या उन्हाळ्यात जंगलात ओढाताण झाली खरी, पण कुणी उपाशी मेलं नाही. पुढच्या थंडीत करकोचे पुन्हा आले. त्यांना कुणी हाकललं नाही. म्होरक्या टोपल्यांची चौकशी करायला लागला, तेव्हा खारीनं त्याला वाटेच्या तोंडाशी नेलं. तिथं मातीनं भरलेल्या टोपल्या काठाला कठडा म्हणून रचून ठेवल्या होत्या, आणि वाटेवरून पिल्लांची वर्दळ चालू होती.

तात्पर्य : अडल्यानडल्याला मदत जरूर करावी, पण सगळ्यांच्या कणगीतला दाणा सगळ्यांच्या वाटेवर खर्चावा, वाटेल तेव्हा उडून जाणाऱ्याच्या पंखांवर नव्हे.